बारावीनंतर थिऑलॉजी: सातारा-सांगलीच्या मुलामुलींसाठी

थिऑलॉजीची (ख्रिस्ती ईश्वरशास्त्राची) पदवी म्हणजे संडेस्कूलचा वरचा वर्ग, अशा समजुतीने बरीच मुलं सेमिनरीत, म्हणजे ते शिकवणाऱ्या कॉलेजात, दाखल होतात आणि पहिल्या सहामाहीतच गांगरतात. वचनं पाठ असतात, उपासना संगीतातली गाणी तोंडपाठ असतात, तरुण संघाचं सेक्रेटरीपदही सांभाळून झालेलं असतं. आणि प्रश्नपत्रिकेत येतं: उत्पत्तीच्या (बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या) पहिल्या व दुसऱ्या अध्यायांतील निर्मितीच्या वृत्तांतांची तुलना करा. पहिल्यात झाडंझुडपं, मग जनावरं आणि शेवटी नर-नारी एकदमच. दुसऱ्यात आधी माणूस, मग बाग, मग पशुपक्षी, मग स्त्री. दोन्ही अध्याय शंभरदा वाचलेले असतात, पण असे शेजारी ठेवून कधीच वाचलेले नसतात.

सातारा, वाई, कराड, सांगली, मिरज इथून जे कुणी जायचा विचार करताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कोणत्या कॉलेजात जावं हा प्रश्न सगळे आधी विचारतात. माझ्या मते त्याहून महत्त्वाचं आहे ते जाण्याआधीचं वर्ष, जे तुम्ही घरीच असता. म्हणून त्याच्यावर जरा जास्त शाई खर्च केली आहे.

पहिलं काम: कशासाठी जायचंय ते ठरवा

पाळक (पास्टर) व्हायचंय, पुढे शिकवायचंय की नुसतीच विषयाची ओढ आहे? तिन्ही कारणं चांगली आहेत, पण वाटा वेगळ्या आहेत. पाळक व्हायचं असेल तर तुमची मंडळी, म्हणजे चर्च, कोणती पदवी मानते हे आधी बघावं लागतं. शिकवायचं असेल तर बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) नंतर एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी) आणि पुढे डॉक्टरेट असा लांबचा पल्ला आहे. नुसती ओढ असेल, तर खरं सांगायचं तर पाच वर्षं वसतिगृहात काढायची गरज नाही. साताऱ्यात किंवा सांगलीतच इतिहास, तत्त्वज्ञान नाहीतर संस्कृत घेऊन बी.ए. करा आणि मग बघा.

हा बी.ए.चा सल्ला मी पहिल्या दोन गटांनाही देतो. बी.डी. साधारणपणे बारावीनंतर पाच वर्षांची आणि पदवीधरांना चार वर्षांची असते. म्हणजे वेळ थोडा जास्त जातो, पण हातात विद्यापीठाची साधी पदवी राहते. उद्या मन बदललं, घरची परिस्थिती बदलली, स्पर्धा परीक्षा द्यावीशी वाटली, तर ती उपयोगी पडते. थिऑलॉजीच्या पदवीवर सरकारी नोकरीचा अर्ज चालेल असं गृहीत धरून कुणीही जाऊ नये. जाहिरातीतली अट वाचून, संबंधित खात्याला विचारूनच काय ते ठरवावं. एकविसाव्या वर्षी गेलेला विद्यार्थी अठराव्या वर्षी गेलेल्यापेक्षा वर्गात जास्त प्रश्न विचारतो, हा आणखी एक फायदा.

दुसरं: मंडळीशी बोला, तेही वेळेत

आपल्या भागातल्या जुन्या मंडळ्यांपैकी बऱ्याच अमेरिकन मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या. सातारा आणि वाईकडे अमेरिकन मराठी मिशन, मिरज-सांगलीकडे प्रेस्बिटेरियन. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल तर सगळ्यांना माहीत आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झालं आणि वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एका छताखाली आल्या. तुम्ही सीएनआयचे असाल तर वाट अशी: पाळकसाहेब, पास्टरेट कमिटी (स्थानिक मंडळीची समिती), मग धर्मप्रांत (बिशपचं क्षेत्र). धर्मप्रांताने उमेदवार म्हणून पाठवलं तर खर्चाचा काही भाग तिकडून मिळू शकतो, आणि शिकून आल्यावर नेमणुकीचा विचारही होतो. स्वतःच्या हिमतीवर गेलात तर पदवी मिळेल, पण पाळकपणाची दीक्षा मिळेलच असं नाही. काय मिळणार, किती वर्षं सेवा करावी लागणार, मध्येच सोडलं तर काय, हे सगळं लेखी घ्या. नात्यागोत्यातली माणसं कमिटीवर असली तरी घ्या. तशी असली तर जरूर घ्या. मुलींनी बिचकायचं कारण नाही, सीएनआयमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते.

कॅथलिक मुलांची वाट निराळी. सातारा आणि सांगली पुणे धर्मप्रांतात येतात. धर्मगुरू व्हायचं असेल तर आपल्या फादरांपासून सुरुवात होते, आणि तत्त्वज्ञान व ईशज्ञान मिळून बरीच वर्षं लागतात. बारावीनंतर लगेच पाच वर्षांत फादर, असं काही नसतं. मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत) अधिकारी होण्याचं प्रशिक्षण त्यांचं स्वतःचं आहे. स्वतंत्र मंडळ्यांमध्ये सगळं त्या त्या मंडळीच्या नेतृत्वावर अवलंबून असतं.

एक बारीकशी गोष्ट. रविवारी उपासना संपल्यावर दारात हस्तांदोलन चाललेलं असताना पाळकसाहेबांना हा विषय काढू नका. मागे रांग असते, आणि "हो हो, बघू" याखेरीज दुसरं उत्तर तिथे मिळत नाही. आठवड्यात एका संध्याकाळी घरी जा, आईवडलांना बरोबर घ्या. शिफारसपत्र बहुतेक सगळीकडे लागतं, आणि जो तुम्हाला ओळखतो तोच ते नीट लिहू शकतो.

तिसरं: पदवी कुणाची आहे ते तपासा

भारतातल्या प्रॉटेस्टंट कॉलेजांपैकी बऱ्याच ठिकाणी पदवी मिळते ती सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाची. बंगालमधलं हे कॉलेज विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये काढलं. सेरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, त्यामुळे पदव्या देण्याची सनद १८२७ मध्ये मिळाली ती डेन्मार्कच्या राजाकडून. पुढे १९१८ च्या कायद्याने ती व्यवस्था पक्की झाली. आपला संबंध यापेक्षाही जुना आहे: मराठीत छापलेला नवा करार १८११ मध्ये याच सेरामपूरहून आला. या पद्धतीतली मुख्य पदवी म्हणजे बी.डी.

दुसरा गट आशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्या संस्थांचा. तिथे बी.टीएच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी), एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) अशा पदव्या असतात. तिसरा कॅथलिक संस्थांचा, ज्यांच्या पदव्यांना रोमची मान्यता असते.

आणि चौथा गट आहे ज्याबद्दल सावध करायला हवं. एखाद्या इमारतीचा वरचा मजला, दारावर मोठा फलक, आणि काही महिन्यांत पदवी. थोडे पैसे जास्त दिले तर कार्यक्रमात झगा घालून डॉक्टरेटसुद्धा. अशा ठिकाणचे लोक प्रामाणिक असू शकतात, वचनाचा अभ्यासही बरा करून घेत असतील, पण त्या कागदाला बाहेर कुणी विचारत नाही. संस्था कुणाशी संलग्न आहे हे तिच्या माहितीपत्रकावर विसंबून ठरवू नका. सिनेटच्या किंवा असोसिएशनच्या यादीत नाव आहे का ते पाहा. मग तिथून गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेल्या दोघांशी फोनवर बोला. पहिला प्रश्न: आता काय करता? दुसरा: ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून संस्थेबद्दल पुष्कळ कळतं.

कुठे जाता येईल

सगळ्यात जवळ पुणे. बिबवेवाडीचं युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झालं आणि १९८३ मध्ये पुण्यात आलं. देशभरातून मुलं येतात, शिक्षण इंग्रजीतून. युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र हीसुद्धा पुण्यातलीच, आणि मराठी मंडळ्यांशी तिचं नातं जवळचं. मराठीतून किती शिकता आणि लिहिता येईल हे तिथे थेट विचारा. कॅथलिकांसाठी नगर रस्त्यावरचं ज्ञानदीप विद्यापीठ आहे. तिथल्या पोपच्या सेमिनरीची सुरुवात १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला झाली होती, १९५५ मध्ये ती पुण्यात आली. तिथे फक्त होऊ घातलेले फादरच शिकतात असं नाही. सिस्टर आणि सामान्य लोकही असतात.

जरा लांब जायची तयारी असेल तर १९१० मध्ये सुरू झालेलं बंगळूरचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने एका रात्रीचा प्रवास, त्यामुळे सांगलीकरांना ते वाटतं तितकं लांब नाही. हिंदी चांगलं असेल तर जबलपूरचं लेनर्ड कॉलेजही आहे. आणि जो ख्रिस्ती नाही पण विषय शिकायचाय, त्याने मद्रास विद्यापीठाच्या ख्रिस्ती अध्ययन विभागाची चौकशी करावी. तिथे पदवीनंतर एम.ए. करता येतं, आणि कुणाच्या शिफारसपत्राशिवाय.

चौथं: जाण्याआधीचं वर्ष

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आधी सलग वाचून काढा. आवडते उतारे नकोत, सगळं. प्रॉटेस्टंट शास्त्रात ६६ पुस्तकं आणि ११८९ अध्याय आहेत. रोज चार वाचले तर दहा महिने पुरतात. कॅथलिक आवृत्तीत ७३ पुस्तकं, म्हणून थोडं जास्त. लेवीय आणि गणना इथे बहुतेकांची गाडी अडकते. अडकू द्या, पण सोडू नका. शेजारी वही ठेवा आणि फक्त प्रश्न लिहा. उत्तरं शोधायची घाई नको.

आता एक व्यायाम सांगतो. पहिल्या वर्षाच्या अभ्यासाचं निम्मं मर्म त्यात आहे. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन आपल्याकडे येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार घेतात. सात जण सात उद्गारांवर बोलतात, मध्ये गीतं होतात. लहानपणापासून ऐकलेलं असल्यामुळे सातही उद्गार एकाच पुस्तकात ओळीने दिलेले आहेत, असं मनात बसलेलं असतं. चारही शुभवर्तमानं (मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी लिहिलेली येशूची चरित्रं) उघडा आणि कोणता उद्गार कुठे आहे ते कागदावर चार रकाने करून मांडा.

मत्तय आणि मार्क यांच्यात मिळून एकच सापडेल: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" लूकमध्ये तीन: क्षमेची प्रार्थना, चोराला दिलेलं सुखलोकाचं वचन, आणि "हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो." योहानात उरलेले तीन: आईला आणि शिष्याला उद्देशून बोललेलं, "मला तहान लागली आहे", आणि "पूर्ण झाले आहे". म्हणजे साताचा क्रम कुठल्याही एका लेखकाचा नाही. तो मंडळीने नंतर गुंफला.

आता पुढची पायरी. स्तोत्र २२ चं पहिलं वचन आणि मग स्तोत्र ३१ चं पाचवं वचन वाचा. मार्कचा येशू एका स्तोत्राच्या शब्दांत मरतो, लूकचा दुसऱ्या. मार्कने त्याला टाकलेला, एकटा दाखवला आहे. लूकमध्ये तो शेवटच्या श्वासापर्यंत दुसऱ्यांना धीर देतोय. योहानात तर तो सगळ्या प्रसंगाचा स्वामी असल्यासारखा, काम संपल्याची घोषणा करून प्राण सोडतो. बहुतेक अभ्यासक मार्क आधी लिहिलं गेलं असं मानतात, साधारण इ. स. ७० च्या आसपास. मग लूकने मार्क समोर असताना ती आर्त हाक का वगळली असेल? आणि क्षमेची प्रार्थना (लूक २३:३४) काही जुन्या हस्तलिखितांत नाहीच, याचं काय करायचं?

या प्रश्नांवर एक पान लिहा. "चारही खरे आहेत" एवढं लिहून थांबू नका. ते श्रद्धेचं वाक्य म्हणून ठीक, पण त्याला गुण मिळत नाहीत. प्रत्येक लेखकाला काय सांगायचं होतं, कुणाला, आणि कशावरून तुम्हाला तसं वाटतं, हे लिहायचं. वचनाचा आधार द्यायचा. पाळकसाहेब असं म्हणतात, हा आधार नव्हे.

मग मराठी पुस्तकं. सेमिनरीत गेल्यावर इंग्रजीतलं इतकं वाचावं लागतं की मराठीला वेळ उरत नाही, म्हणून ती आताच वाचा. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घरात नसेल तर नगर वाचनालयात मिळेल. बाबा पदमनजींचं 'अरुणोदय' हे आत्मचरित्र मिळालं तर तेही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' (१६१६) म्हणजे सुमारे ११ हजार ओव्या. सगळं वाचवणार नाही, पण सुरुवातीचा थोडा भाग मोठ्याने वाचा. एका इंग्रज माणसाने गोव्यात बसून बायबलची कथा ओवीत सांगितली, यावर पुढे कुणीतरी तुम्हाला निबंध लिहायला लावेलच. आणि वाईकरांच्या दारातला मराठी विश्वकोश विसरू नका. ख्रिस्ती धर्मावरच्या त्यातल्या नोंदी इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याच्या नजरेतून आपला धर्म कसा मांडला जातो ते कळतं.

भाषेची भीती बरीच जण घेतात. इंग्रजीची भीती खरी आहे. आठवड्याला एक इंग्रजी लेख वाचून त्याचा गोषवारा आपल्या शब्दांत लिहायची सवय लावा, दुसरा उपाय नाही. ग्रीकची भीती मात्र फुकाची. २४ अक्षरं आठवड्याभरात बसतात. नामांना तीन लिंगं असतात आणि विभक्ती लागते म्हणून इंग्रजी माध्यमाची मुलं कपाळाला हात लावतात. तुम्ही तर जन्मापासून तो, ती, ते करत आलात. शाळेत संस्कृत घेऊन रामः रामौ रामाः घोकलं असेल तर नव्या करारातलं ग्रीक सोपंच वाटेल: द्विवचन नाही, आणि विभक्तीही आठ नाहीत. हिब्रूची २२ अक्षरं उजवीकडून डावीकडे लिहायची, तिथे हात वळायला वेळ लागतो. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून या दोन्ही भाषा शिकून शास्त्राचं मराठी भाषांतर केलं, हे लक्षात ठेवा आणि कामाला लागा.

पाचवं: अर्ज आणि मुलाखत

यात फार सांगण्यासारखं नाही. तारखा दरवर्षी पाहा. बाप्तिस्म्याचा आणि जिथे लागतो तिथे दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला, शिफारसपत्रं, वैद्यकीय दाखला, गुणपत्रिका, हे आधीच काढून ठेवा. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव वेगळं असलं तर ते आत्ताच सरळ करा. आपल्याकडे हे फार वेळा होतं. फी विचारताना मेस, वसतिगृह, परीक्षा शुल्क आणि पुस्तकं धरून विचारा.

मुलाखतीत "पाचारण कसं झालं", म्हणजे देवाने या कामाला कसं बोलावलं, हे विचारतातच. छापील साक्ष देऊ नका, समोरच्यांनी तशा खूप ऐकलेल्या असतात. अलीकडे वाचलेलं आणि न पटलेलं असं काहीतरी सांगता आलं तर उत्तम.

सहावं: पहिलं वर्ष

विषय ढोबळमानाने असे: जुना करार, नवा करार, मंडळीचा इतिहास, सिद्धांत, नीतिशास्त्र, इतर धर्म, आणि पाळकीय काम. इतिहासात निकेआ (३२५) आणि खाल्कीदोन (४५१) इथल्या परिषदा येतात, तेव्हा नुसतं सनावळ्या पाठ करण्यावर भर देऊ नका. आपण विश्वासांगीकारात (क्रीडमध्ये) दर रविवारी जी वाक्यं म्हणतो त्यांतल्या एकेका शब्दावरून भांडणं झाली, माणसं हद्दपार झाली. कुणाचं म्हणणं काय होतं आणि हरलेल्या बाजूलाही काही म्हणायचं होतं का, एवढं समजलं की सन आपोआप लक्षात राहतात.

पहिल्या काही महिन्यांत श्रद्धेला धक्का बसतो. मोशेची पाच पुस्तकं (बायबलची पहिली पाच) एका हाताने लिहिलेली नाहीत, वेगवेगळ्या काळातले प्रवाह त्यांत मिसळले आहेत, हे पहिल्यांदा ऐकलं की झोप उडते. काही जण रागावून कान बंद करतात, काही जण आठवड्यात सगळंच सोडून देतात. दोन्ही घाई आहे. प्राध्यापकांकडे जाऊन थेट विचारा, "हे मान्य करून तुम्ही प्रार्थना कशी करता?" चांगला प्राध्यापक या प्रश्नाला तासभर देतो.

नाताळच्या सुट्टीत घरी आलात की हमखास सांगितलं जाईल: बाळ, या रविवारी संदेश तू दे. द्या, पण पहिल्या सहामाहीत शिकलेलं सगळं त्या वीस मिनिटांत ओतू नका. समोर ज्या आत्या-मावशी बसलेल्या असतात त्यांचं शास्त्र वाचून झालेलं असतं, तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा. एक उतारा, एक मुद्दा, आणि मराठी साधं. 'पॅराडाइम' वगैरे वसतिगृहातच ठेवून या.

प्रबंधाचा विषय आतापासून डोक्यात ठेवा

शेवटाकडे बऱ्याच ठिकाणी छोटा प्रबंध लिहायचा असतो, आणि मुलं जर्मन ईश्वरशास्त्रज्ञांवर लिहायला धावतात. त्यांच्यावर लिहिणारे जगभर आहेत. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात बरोबरीने यावेत अशी त्यांची कल्पना होती. बाप्तिस्म्यावाचून माणूस मंडळीचा होतो का, हा सिद्धांताच्या वर्गातला कळीचा प्रश्न आहे, आणि तो आपल्या गावात प्रत्यक्ष मांडला गेला. १८४२ पासूनच्या 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक, स्थानिक मंडळ्यांच्या सभांचे वृत्तांत, बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या जुन्या नोंदवह्या, यांतून असे पुष्कळ विषय निघतील: कोणत्या गावातून माणसं आली, आधीची आडनावं बदलली का, बायकांची नावं कशी नोंदवली.

तुमच्या चर्चच्या कपाटात अशा वह्या असतील तर सुट्टीत पाळकसाहेबांची आणि कमिटीची परवानगी काढा. वही चर्चबाहेर नेऊ नका, तिथेच टेबलावर उघडा, फ्लॅश बंद ठेवून मोबाईलने पानांचे फोटो घ्या आणि प्रत्येक फोटोला वहीचं नाव, वर्ष आणि पान क्रमांक तेव्हाच्या तेव्हा द्या. जी माणसं हयात आहेत त्यांच्या नोंदी प्रबंधात नावानिशी वापरू नका. आणि फोटोंचा एक संच पेनड्राइव्हवर घालून चर्चच्या कपाटातही ठेवा.